मधली वीतभर जागा

डब्यावर अंगुस्तान दोनदा आपटल्याशिवाय तो माणूस पहिला टाका घालत नसे. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालायचं पितळी टोपण. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, आत सुया, दोऱ्याची रिळं आणि एक बोथट कात्री. मांडी घालायची, सुईत दोरा ओवायचा, टोपण बोटावर चढवायचं आणि मग डब्यावर टण् टण्. काम थांबवताना एकदाच टण्. पहिल्या दिवशी क्लासातल्या बायका एकमेकींकडे बघून हसू दाबायला लागल्या, तेव्हा त्यानं गंभीरपणे खुलासा केला, "डबल बेल झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाय. सवय हाय."

एकतीस वर्षं त्यानं एसटी चालवली होती. राहायला सणसरला, मुलाकडे. समोर असला की मी त्याला 'काका' आणि 'तुम्ही' म्हणत असे. इथे 'तो' म्हणतोय, कारण मनातल्या मनात मी त्याला कधीच 'ते' म्हटलं नाही.

हा क्लास माझ्या बायकोचा. बारामतीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार. हौसेनं गोधडी शिकणाऱ्या बायका येतात, कुणी नातवासाठी, कुणी नुसता वेळ बरा जावा म्हणून. मी गणिताचा मास्तर. नोकरी होती तोवर तिचं शिवणकाम मला पंख्याच्या आवाजासारखं होतं. चालू असायचं, लक्ष कोण देतो? निवृत्त झालो, दुपारभर घरात बसायला लागलो आणि मग कळलं की त्या खोलीत माझी बायको म्हणजे कुणीतरी मोठी असामी आहे. आठ-दहा बायका तिच्या तोंडाकडे बघत बसतात. शाळेत पस्तीस वर्षं माझ्या तोंडाकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

तिची तपासायची रीत ठरलेली होती. शिवलेल्या ओळीवरून डोळे मिटून बोट फिरवायचं. बोट अडखळलं की "उसवा." नाही अडखळलं की "बरं." आणि फार क्वचित, वर्षातून एखाद्या बाईच्या वाट्याला, "हात बसला." तो शब्द मिळालेली बाई घरी जाताना चप्पल घालायची विसरते की काय असं वाटायचं.

त्याला तो शब्द तिसऱ्या आठवड्यात मिळाला.

मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. "हात बसला हो काका तुमचा," असं तिचं वाक्य कानावर आलं आणि पेपरातली ओळ मी चार वेळा वाचली. मला हेवा वाटला. त्याला दुसरं नाव द्यायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला, पण दुसरं नाव नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या कुठल्याही कामावरून असं डोळे मिटून बोट फिरवलं नव्हतं. आणि हा स्टीअरिंग धरून धरून हाताला घट्टे पडलेला माणूस, तीन आठवड्यांत?

पुढच्या मंगळवारी मी क्लासात जाऊन बसलो.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"का? पुरुषांना चालत नाही?"

"चालतं की. सतरंजी घ्या, फरशी गार लागते म्हणाल नंतर."

तुम्हीही कधी हेव्यापोटी एखादी गोष्ट शिकायला गेला असाल, तर पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. गोधडीला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं. मी दुकानातून कोरं, कडक खळीचं कापड आणलं, कारण तो शिवत होता त्या जुन्या लुगड्यांपेक्षा माझं कापड चांगलं दिसायला हवं होतं. थर एकमेकांवर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालून घेतात. मी ते गाळले, वेळ जातो म्हणून. उलट फूटपट्टी घेतली आणि बॉलपेननं अर्ध्या अर्ध्या इंचावर समांतर रेघा आखल्या. सगळ्यांनी कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं असताना मी डावीकडून उजवीकडे गेलो, फळ्यावर लिहितात तसा.

पहिल्या धुण्यात कापड आटलं. थर सरकले. जागोजागी पापडासारखे फुगे आले आणि टाके निघाले तरी रेघा मात्र जशाच्या तशा राहिल्या. बायकोनं ते दोन्ही हातांत उचलून उजेडात धरलं.

"अहो, ही गोधडी नाही," ती म्हणाली, "हा आलेख आहे."

बायका हसल्या. तो हसला नाही. माझ्या बाजूला सरकून म्हणाला, "सर, रस्ता झ्याक आखलाय. गाडी तेवढी आणायची राहिली." मग बायका आणखी हसल्या. त्यानं ते मला धीर द्यायला म्हटलं होतं हे मला कळत होतं, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग आला.

तो कसं शिवायचा ते मी चोरून बघत असे. रेघ नाही, पट्टी नाही. डाव्या हाताचा अंगठा टाक्याच्या पुढे पुढे चालायचा आणि सुई त्याच्या मागून यायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, पुढचाही तेवढाच, त्याच्या पुढचाही. कोपरा जवळ आला की तो हमखास म्हणायचा, "वळण आलं. हितं घाई न्हाय." आणि खरंच हळू व्हायचा. एकदा मी दोरा ओवायला वेळ लावत होतो, तर माझ्या हातातून सुई घेऊन, ओवून, न बोलता परत दिली. माझ्या चष्म्याचा नंबर त्याच्याहून कमी होता हे मी तिथल्या तिथे शेजारच्या दोघी बायकांना सांगितलं.

गोधडी कुणासाठी ते त्यानं बरेच दिवस सांगितलं नव्हतं. एका शुक्रवारी बायकोनं विचारलं, तेव्हा सुई न थांबवता तो बोलायला लागला. त्याच्याकडे कित्येक वर्षं नरसिंहपूरची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी जायची, सकाळी निघायची, ड्रायव्हर-कंडक्टरनं गाडीतच झोपायचं. संगमावरचा वारा थंडीत गाडीच्या फटींतून आत यायचा. देवळाजवळ एक म्हातारी राहायची. ती दिवेलागणीला येऊन ड्रायव्हरच्या सीटवर गोधडी ठेवून जायची आणि सकाळी गाडी निघायच्या आधी घेऊन जायची.

"म्या एकदा इचारलं, आजी, रोज कशाला येवढी तसदी?" तो म्हणाला. "तर म्हणती, देवळात निजणाऱ्याला देव बघतोय. गाडीत निजणाऱ्याला कोण बघणार?"

"मग?" बायकोची सुई थांबली होती.

"मग काय. आजी गेली. तिची गोधडी तिच्यासंगं गेली. आता त्या गाडीवर नवीन पोरं हायेत, ती कुडकुडत्यात. म्हनलं, एक गाडीतच ठिवावी. कुणी बी असू दे डायवर."

लुगडी त्यानं सणसरच्या भावकीत घरोघर फिरून गोळा केली होती. हल्ली सुती लुगडं मिळत नाही, पण त्याला लोकांनी दिली. बायको उठून आत गेली आणि स्वतःचं एक जुनं पातळ घेऊन आली. जांभळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं. "हे वरून मधोमध लावा," ती म्हणाली. ते पातळ अजून घरात आहे हे मला माहीत नव्हतं. ते मी आणलं होतं एवढं मात्र मला पक्कं आठवत होतं. तिला आठवत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. त्याच दिवशी तो आपलं अंगुस्तान सतरंजीवर विसरून गेला. मी ते उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. का टाकलं ते मला तेव्हाही माहीत होतं. पुढच्या मंगळवारी त्यानं डबा उपसला, सतरंजी झटकली, बायका पायांखाली बघायला लागल्या. मीही सगळ्यांबरोबर वाकून बघितलं, अगदी कपाटाखाली हात घालून.

"असू दे," तो म्हणाला. "घावंल कवातरी." आणि नुसत्या बोटानं शिवायला बसला. त्या दिवशी डबल बेल त्यानं नखानं वाजवली. अर्ध्या तासात बोटातून रक्त आलं.

आणि मग काय झालं? बायको आत गेली, देवघराच्या खणातून एक छोटी डबी काढली आणि त्यातलं तिच्या आईचं अंगुस्तान आणून त्याच्या हातावर ठेवलं. चांदीचं, वर बारीक नक्षी. असं काही तिच्याजवळ आहे हेही मला ठाऊक नव्हतं. त्यानं ते कपाळाला लावलं आणि डब्यावर हळूच दोनदा आपटलं. टण् टण्. पितळेपेक्षा आवाज गोड होता. माझ्या खिशातलं पितळ मला मांडीला टोचत होतं. पण द्यायचं कसं? आता दिलं असतं तर चोर ठरलो असतो, म्हणून नाही दिलं आणि चोर राहिलो.

असं वर्ष गेलं. माझी दुसरी गोधडी पहिलीपेक्षा बरी झाली. बायकोनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरं." त्याच्या गोधडीचे मात्र फोटो काढून ती क्लासच्या ग्रुपवर टाकत असे. खाली बायका हात जोडल्याची चिन्हं पाठवत.

मग एकदा तो सलग चार वेळा आला नाही. खरं सांगतो, पहिल्या दोन वेळा मला बरं वाटलं. तिसऱ्या वेळी दोन वाजता माझे कान डब्याच्या आवाजाकडे लागले. चौथ्या वेळी बायको म्हणाली, "फोनवर म्हणतात, ऊस तुटतोय, सवड नाही. मला काही खरं वाटत नाही. तुम्ही जाऊन या." आणि बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. माझ्यासाठी म्हणून केले असतील असं मला सकाळपासून वाटत होतं.

सणसरला त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. 'डायवरकाका' म्हटल्यावर ज्यानं त्यानं हात केला. अंगणात कडुलिंबाखाली खाटेवर बसला होता. मला बघून उठला, उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हातानं नमस्कार केला. सून चहा घेऊन आली तेव्हा त्यानं कप डाव्या हातात घेतला. तरी तो उजवा हात मांडीवर आपला आपण हलत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपास्नं. डाक्टर म्हनला, ह्ये आता असंच." तो हाताकडे दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं बघत होता. "एकतीस वरसं घाट उतरलो ह्यानं. आता बटन लागत न्हाय."

मग त्यानं सुनेला आत पाठवून पिशवी आणायला लावली. गोधडी त्यानं खाटेवर पसरली. कडेपासून गोल गोल ओळी आत आल्या होत्या आणि अगदी मधोमध, माझ्या बायकोच्या जांभळ्या पातळावर, वीतभर जागा कोरी राहिली होती. शेवटच्या टाक्यात सुई तशीच अडकवलेली.

"सर, एवढं पुरं करा."

"मी?" मला हसूच आलं. "अहो, माझा टाका तुम्ही बघितलाय. बाईंना देतो की."

"बाईस्नी न्हाय." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बाईस्नी कळाया नगं. त्या म्हनल्यात, हात बसला. माझ्या जल्मात तसं कुणी म्हनलं न्हाय, सायब न्हाय, घरातलं न्हाय. तो हात असा झाला, ह्ये त्यास्नी सांगू नका. गोधडी म्याच पुरी केली म्हणा."

म्हणजे त्यालाही तोच शब्द हवा होता. मी ज्याच्यासाठी वर्षभर जळत होतो, तो शब्द त्यानं जिवापाड जपून ठेवला होता.

"तसा सबूद द्या," तो म्हणाला. मी दिला.

मग त्यानं कमरेच्या चंचीतून चांदीचं अंगुस्तान काढून माझ्या हातावर ठेवलं. "ह्ये बाईस्नी द्या. म्हणा, काम झालं, ज्याचं त्याला." आणि मी उठलो तेव्हा मागून सहज म्हणाला, "शिवताना माझं वापरा, सर. पितळी. ते तुमच्याजवळ हायच."

मी वळून बघितलं नाही. गाडीत बसेपर्यंत माझे कान तापलेले होते.

बायकोला सांगितलं, ऊसच तुटतोय, काका गोधडी घरीच पुरी करतायत. ती वीतभर जागा भरायला मला दोन महिने लागले. बायको सकाळी चालायला आणि भाजीला जायची तेवढाच तासभर मिळायचा. गोधडी कपाटात माझ्या जुन्या पुस्तकांमागे ठेवली होती. तिथे ती कधीच हात घालत नाही. पहिल्या दिवशी मी सहा टाके घातले आणि सहाही उसवले. त्याच्या ओळीशेजारी माझी ओळ ओळखू येत होती. मी पट्टी घेतली, मग बाजूला ठेवली. त्याच्यासारखा डावा अंगठा पुढे चालवायला शिकलो. पितळी टोपण बोटात घालून पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर दोनदा आपटायला लागलो. आधी लाज वाटायची, नंतर त्याशिवाय हात चालेना. ओळ वळली की तोंडातून आपोआप यायचं, घाई नाही. ज्या माणसाचा मी इतका मत्सर केला, त्याच्यासारखं होण्यासाठी एवढी मेहनत मी गणिताच्या पदवीलाही केली नव्हती. आणि ती तर कुणाला दाखवायचीही नव्हती.

पुरी झाली तेव्हा सणसरला घेऊन गेलो. त्यानं डाव्या हातानं चाचपलं, डोळे मिटून, बायको करते तसं. बोट कडेकडून आत आलं, मधोमध पोचलं, परत बाहेर गेलं, परत आत आलं.

"माझं कुठं संपलं?" त्यानं विचारलं.

"बघा की तुम्हीच."

"मला घावंना," तो म्हणाला. उशाशी डबा होता. त्यानं डाव्या हाताच्या नखानं त्यावर एकदाच वाजवलं. टण्.

उन्हाळ्यात तो गेला. बायको फार रडली. मी आणून दिलेलं चांदीचं अंगुस्तान डबीत ठेवताना म्हणाली, "गोधडी पुरी करून गेले हो काका. शब्दाचा माणूस." मी 'हो' म्हणालो. त्याच्या मुलानं गोधडी नरसिंहपूरच्या गाडीवर पोचवली, असं कळलं.

या थंडीत आम्ही दोघं नरसिंहपूरला गेलो. दर्शन झालं, रात्री भक्तनिवासात राहिलो आणि सकाळी त्याच मुक्कामी गाडीनं परत निघालो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ती घडी करून ठेवलेली होती. तिशीतला ड्रायव्हर तोंड धुऊन आला. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्या जुन्या डायवरकाकांची हाय. लई ऊब हाय तिला. घ्या की मांडीवर, गारठा हाय."

तिनं घडी उलगडून आम्हा दोघांच्या मांडीवर पसरली. डोळे मिटले आणि कडेपासून बोट फिरवायला सुरुवात केली. मी खिडकीबाहेर उसाकडे बघत होतो, पण माझं सगळं अंग त्या बोटाबरोबर आत आत येत होतं. जांभळ्या पातळावर, अगदी मधोमध, ते थांबलं. परत फिरलं. परत थांबलं.

"बघा," ती हळूच म्हणाली. "कडेला हात नवा होता, जाणवतं. पण हे मधलं बघा. असा हात बसलेला मी आजवर बघितला नाही." तिचे डोळे भरले होते. "जाता जाता काय शिवून गेला माणूस."

मी खिशात हात घातला. पितळी टोपण बोटाला लागलं. एक वाक्य बोललो असतो तर तो शब्द माझा होता. पण मी शब्द दिला होता, आणि ती रडत होती त्याच्यासाठी. त्या मेलेल्या माणसाचा इतका हेवा मला तो जिवंत असतानाही कधी वाटला नव्हता.

"तुम्हाला नाही जमायचं असं," ती डोळे पुसत म्हणाली आणि गोधडीचं माझ्या बाजूचं टोक माझ्या गुडघ्यांवर नीट ओढून दिलं.

"नाही," मी म्हणालो.

कंडक्टर चढला. त्यानं दार ओढलं, दोरी दोनदा ओढली आणि गाडी हलली.